उंचीची हौस

बुलढाणा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, बाजार समितीच्या फाटकाबाहेर किंवा बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीपाशी, संध्याकाळच्या सुमारास एखादी जीप अशी उभी असते की बघणाऱ्याची नजर आधी तिच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेवर जाते आणि मग सावकाश रंगाकडे, कंपनीच्या नावाकडे व एमएच-२८ने सुरू होणाऱ्या क्रमांकाकडे वळते. चाके मूळच्यापेक्षा मोठी, टायरच्या नक्षीच्या खाचा बोटाचे पेर बुडेल एवढ्या खोल, चाकाचा माथा आणि मडगार्डाची कड यांच्यामध्ये मूठ सहज फिरेल एवढी पोकळी, आणि दाराखाली चढण्यासाठी जोडलेली लोखंडी पायरी, असा तो एकंदर थाट असतो. टपावर दिव्यांची पट्टी असते आणि क्वचित, खोल पाण्यातून जाताना इंजिनाला हवा मिळावी म्हणून काचेच्या कडेने वर नेलेली नळी, म्हणजे स्नॉर्केलही, असते. खाचांमध्ये मात्र मातीचा कण नसतो. टायरच्या कडा काळ्या पॉलिशने चमकत असतात आणि चहा येईपर्यंत मालक डॅशबोर्डावरचे फडके काढून त्या पुन्हा एकदा पुसून घेतो.

गाडीची बॉडी कारखान्यात ठरलेल्या उंचीपेक्षा वर नेण्याच्या या कामाला गॅरेजमध्ये ‘गाडी लिफ्ट करणे’ किंवा नुसते ‘गाडी उचलणे’ म्हणतात, आणि ते मुख्यतः दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, आणि तिच्यावर बसवलेली बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून फक्त बॉडी वर घेतात. दुसऱ्या प्रकारात चासी आणि चाकांना जोडणारा आस यांच्यामधल्या स्प्रिंगांनाच हात घालतात, म्हणजे जुन्या जीपच्या कमानपाट्यांत एखादा पाटा वाढवतात, पाट्यांना अधिक बाक देतात, किंवा नव्या गाडीच्या वेटोळ्या स्प्रिंगवर धातूची वा रबराची जाड चकती बसवतात. दोन इंचांची, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटरची उचल ही या हौसेतली पहिली पायरी समजली जाते. त्यापुढे मालकाची ऐपत आणि मिस्तरीचे धाडस.

ही हौस जिथून आली त्या अमेरिकेत तिचा मान पिकअपला, म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला असतो. बुलढाण्याकडे चारही चाकांवर चालणारी पिकअप, मग ती इसुझूची व्ही-क्रॉस असो वा टोयोटाची हायलक्स, अपवादानेच दिसते, आणि जी पिकअप जागोजागी दिसते ती बोलेरो कापूस, सोयाबीन, कांदा आणि लग्नाची वऱ्हाडी मंडळी यांच्यात दिवसभर गुंतलेली असते. तिलाही मिस्तरी पाटा वाढवून देतो, परंतु तो भार पेलण्यासाठी. रिकामी परतताना तिचे मागचे अंग वर उठलेले असते, तरी त्याला कोणी शोभा म्हणत नाही. त्यामुळे शोभेचा सगळा मान महिंद्राच्या ‘थार’कडे आणि तिच्या आधीच्या मेजर, एमएम ५४० अशा जुन्या जीपांकडे गेला. कामाची गाडी कामासाठी उचलली जाते आणि रिकाम्या वेळाची गाडी नजरेसाठी, हा भेद गॅरेजमधल्या पोराटोरांनाही पाठ असतो.

गाडीखाली वाकून पाहिले तर या उंचीचे एक गुपित कळते. जुन्या जीपच्या दोन चाकांमध्ये जो अखंड आस असतो त्याच्यावर डिफरन्शियलचा फुगीर गोळा असतो; इंजिनाकडून येणारी गती डाव्या-उजव्या चाकांत वाटून देणारे आणि वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फिरू देणारे दात्यांच्या चाकांचे जुडगे त्या गोळ्यात बसवलेले असते. जमिनीपासून गाडीच्या सर्वांत खालच्या भागापर्यंतचे अंतर, ज्याला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात, ते अशा गाडीत बहुधा या गोळ्यापाशीच मोजले जाते. आता पाटे कितीही वाढवले, चकत्या कितीही जाड घातल्या, तरी आस चाकांनाच जोडलेला असल्याने गोळा जिथल्या तिथे राहतो. वर जाते ती चासी, बॉडी आणि आत बसलेला मालक. गोळा खरोखर वर न्यायचा असेल तर टायरच मोठा हवा, आणि तिथेही हिशेब कंजूष आहे, कारण आस चाकाच्या मध्याशी असल्याने टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर गोळा एकच इंच वर जातो. म्हणजे शेतरस्त्याच्या मधोमध वर आलेला जो दगड पूर्वी गोळ्याला लागत होता, तो दोन इंच उचललेल्या जीपच्याही गोळ्याला त्याच ठिकाणी लागतो. उचल अगदीच निरुपयोगी असते असे मात्र नाही. पुढचा बंपर चढावाला टेकत नाही, चासीचे पोट बांधावर घासत नाही, मोठ्या टायरला फिरायला जागा मिळते. परंतु जो दगड खरा, त्याच्या बाबतीत ती बरीचशी दिखाऊच ठरते.

चारही चाकांना शक्ती देण्याची गरज या जिल्ह्याला परकी नाही. इथली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात दोन शेतांमधल्या पांदणीतून जाताना ती टायरच्या खाचांत ठासून बसते आणि खोल नक्षीचा टायर शंभर पावलांत गुळगुळीत होऊन जातो. मागची दोन चाके जागच्या जागी फिरू लागतात तेव्हा पुढच्या दोन चाकांनाही ओढायला लावणे, आणि दात्यांचे प्रमाण बदलून वेग कमी व जोर जास्त करणे, ज्याला चालक ‘फोर लो’ म्हणतात, हाच खरा उपाय असतो. तरीही पूर्णा नदीच्या काठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथले भूजल खारट आहे आणि माती अधिकच चिकट आहे अशा संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावच्या भागात, भर पावसात शेतापर्यंत पोचते ते ट्रॅक्टर, नाहीतर बैलजोडी, नाहीतर चपला हातात घेतलेला माणूस. उचललेली जीप हौसेने तिकडे गेलीच आणि रुतली, तर तिला बाहेर काढायला शेवटी ट्रॅक्टरच बोलावला जातो, आणि त्या वेळी बांधावर जमलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर जे समाधान असते त्याला शेजारधर्म म्हणता येणार नाही. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्य शासनाने मातोश्रींच्या नावाने योजना काढली ती २०२१ साली. पांदण जसजशी खडी-मुरमाची होईल तसतशी फोर बाय फोरची गरज ओसरत जाईल आणि हौस तेवढी उरेल.

वऱ्हाडच्या या मातीने चाकाला फार पूर्वीपासून छळले आहे. पक्के रस्ते आणि लोहमार्ग येण्यापूर्वी इथला कापूस लमाणांच्या तांड्यांतून बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे, कारण भरलेल्या गाडीचे चाक काळ्या मातीत चालवण्यापेक्षा चार पाय चालवणे सोपे होते. पुढे १८७० साली जलंबहून खामगावला लोहमार्गाची शाखा आली, कापसाची बाजारपेठ वाढली आणि गाड्यांच्या रांगा लागू लागल्या, तेव्हाही लाकडी बंडीचे चाक माणसाच्या छातीला लागेल एवढे उंच ठेवले जाई. बाभळीचे आरे, मधला तुंबा आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव असे ते चाक उंच होते, कारण आस चिखलाच्या वर राहायला हवा होता, आणि मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते हे सुताराला कोणी शिकवावे लागत नव्हते. गाडी उंच करण्याची ही कला या भागात जुनीच म्हणायची. फरक एवढाच की त्या उंचीकडे कोणी वळून पाहत नसे.

मात्र त्याच गावात वळून पाहण्याजोगी उंचीही होतीच. गावाच्या वस्तीची जागा ती पांढरी आणि शेताची ती काळी, आणि त्या पांढरीच्या मातीच्या जाड भिंती घालून टेकाडावर उभारलेली देशमुखाची गढी बाहेरून येणाऱ्याला गावाआधी दिसे. सिंदखेडराजाला, जिथे १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला, लखुजीराव जाधवांच्या वाड्याचे प्रवेशद्वार आजही उभे आहे आणि त्याच्यासमोर थांबणाऱ्याला मान वर करावीच लागते. हत्तीवर अंबारी, घोड्यावर नवरदेव, खांद्यावर पालखी, मंचावर पुढारी. ज्याला मान द्यायचा त्याला चार हात वर बसवायचे ही रीत इतकी अंगवळणी पडलेली आहे की उंच गाडीत बसलेल्या तरुणाला तिची आठवणही करून घ्यावी लागत नाही. त्याला एवढेच ठाऊक असते की वरून रस्ता बरा दिसतो.

जिल्ह्याचा भूगोलही या हौसेला अनुकूल आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने त्याचे दोन भाग केले आहेत, आणि इथला माणूस स्वतःची ओळख सांगताना घाटावरचा की घाटाखालचा हे आधी सांगतो. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा ही घाटावरची गावे. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव ही घाटाखालची. आणि त्यांच्याही उत्तरेला जळगाव जामोद, संग्रामपूरच्या पाठीशी सातपुडा. सोयरीक जुळवताना, उमेदवारी वाटताना, उन्हाळ्याला शिव्या देताना हा भेद निघतोच. बुलढाणा शहर घाटमाथ्यावर असल्याने मलकापूरकडून येणाऱ्याला मोताळ्यानंतर राजूरचा घाट चढावा लागतो, आणि खामगावकडून येणाऱ्याला बोथ्याच्या जंगलातून, म्हणजे ज्ञानगंगा अभयारण्यातून यावे लागते. जाहिरातीत ज्या प्रकारचा मुलूख दाखवून अशा गाड्या विकल्या जातात, म्हणजे वळणे, कडे, जंगल, ओढे, तो मुलूख इथे दाराशी आहे. वास्तविक तो सगळा मुलूख तुडवण्याचा पराक्रम अलीकडच्या काळात केला तो एका वाघाने. टी-१-सी-१ असे वन विभागाचे नाव असलेला आणि पुढे ‘वॉकर’ म्हणून प्रसिद्ध झालेला हा तरुण वाघ २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघाला, तेलंगणाची हद्द शिवून शेते, ओढे, महामार्ग ओलांडत त्या वर्षाच्या अखेरीस ज्ञानगंगेत येऊन पोचला, आणि त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरच्या नोंदींवरून नऊ महिन्यांतली त्याची चाल ३,००० किलोमीटरच्या वर भरली. रस्त्यावरून त्याची वार्ता ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांच्या गाडीवर, मागच्या काचेला, वाघाचे चित्र चिकटवलेले होतेच. आणि लोणारच्या विवरात, जे जिल्ह्यातले खोलीचे सर्वांत नामांकित ठिकाण, उतरायला अजूनही पायच लागतात. काठावर येऊन थोर थोर गाड्या थांबतात.

जीपची ऐट मात्र वाघावरून आलेली नाही. ती सरकारी आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून अमेरिकी सैन्यासाठी विलीज कंपनीने बनवलेली ही गाडी युद्धानंतर शेतीची व सडकेची गाडी म्हणून जगभर विकली गेली, आणि १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली. खेड्यात ती प्रथम आली ती साहेबाला घेऊन. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्यावर गटविकास अधिकाऱ्याची जीप गावात शिरली की पोरे मागे धावत, सरपंच डोक्यावरची टोपी सारखी करत आणि ज्यांची वसुली थकलेली ते घराच्या मागच्या दाराने शेताकडे निघत. निवडणुकीत तीच जीप भोंगा लावून फिरे. पुढे लष्कराच्या लिलावातून घेतलेल्या, म्हणजे ‘डिस्पोजल’च्या जीपा सधन शेतकऱ्यांकडे आल्या, आणि त्याहून पुढे जीपचेच लांब भाऊबंद काळ्या-पिवळ्या रंगात प्रवासी वाहतुकीला लागले, तेव्हा टपावर, मागच्या शिडीवर आणि चालकाच्या दोन्ही बाजूंनी माणसे घेऊन धावणाऱ्या त्या गाड्यांनी जीपचा दरारा पार उतरवून टाकला. शेळ्यांसह प्रवास केलेल्या वाहनाविषयी भीतियुक्त आदर राहत नाही. २०१० साली आलेली थार, आणि त्याहून अधिक २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेली तिची नवी आवृत्ती, या दोघींनी तो जुना दरारा नव्या रंगात परत विकला. नव्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स कारखान्यातूनच २२६ मिलिमीटर आहे आणि ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून ती जाऊ शकते असे कंपनी सांगते. जिल्ह्यातल्या बहुतेक वाटांना एवढे पुष्कळ झाले. त्यावरही जो दोन इंच मागतो तो वाटेसाठी मागत नसतो.

अशी मागणी करणारा तो एकटा नाही, हे जगाकडे पाहिल्यावर ध्यानात येते. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत जुन्या जीपा उघडून, कापून, जोडून नव्या रूपात उभ्या करण्याचा व्यवसायच आहे आणि तिथल्या ‘लंडी जीप’ची ख्याती दूरवर आहे. अमेरिकेत सेंट लुईसजवळच्या बॉब चँडलर या गृहस्थांनी १९७४ सालची आपली फोर्ड पिकअप टायर आणि आस बदलत बदलत इतकी उंच केली की ‘बिगफूट’ या नावाने ती एक वेगळीच जात ठरली, आणि १९८१ साली त्यांनी ती शेतात ठेवलेल्या मोडक्या मोटारींवरून चालवून दाखवली. दक्षिणेकडच्या कॅरोलायनात पुढे फक्त नाक उंच आणि पार्श्वभाग खाली अशी पिकअप फिरवण्याची टूम निघाली, तेव्हा चालकाला समोरचा रस्ताच दिसेना म्हणून उत्तर कॅरोलायनाने २०२१ साली तिच्यावर कायद्याने बंदी घातली. आणि त्याच देशात कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतर बरोबर उलटा मार्ग धरला. त्यांनी आपल्या मोटारी रस्त्याला टेकतील एवढ्या खाली आणल्या आणि रविवारी संध्याकाळी त्या अत्यंत सावकाश चालवण्यात भूषण मानले. यावरून उंचीलाच काही जन्मजात थोरवी आहे असे म्हणवत नाही. कारखान्याने सर्वांना सारखी दिलेली वस्तू आपल्या हाताने थोडी वेगळी करावी, ती वेगळी केली हे चारचौघांना लांबून कळावे, यातले सुख दोन्हीकडे सारखेच दिसते.

ते सुख हलके लेखावे असे वाटत नाही, कारण पोळ्याच्या दिवशी हाच जिल्हा तेच सुख मोठ्या मनाने भोगतो. श्रावणातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी खांदमळणी होते, म्हणजे वर्षभर जू वाहून निबर झालेला बैलाचा खांदा तूप-हळद लावून चोळतात. दुसऱ्या दिवशी अंघोळ घालून शिंगांना हिंगूळ लावतात, त्यावर बेगड चिकटवतात, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ आणि कवड्यांची माळ, पाठीवर आरशांची झूल, नवी वेसण आणि नवा कासरा घालून जोडी तोरणाखाली उभी करतात. वेसण-कासरा सोडले तर यातली एकही वस्तू नांगराला उपयोगी नाही. कर्ज काढून झूल घेणारा शेतकरी हास्यास्पद ठरत नाही, उलट ज्याची जोडी उघडी राहिली त्याची चर्चा होते. पण पोळ्याच्या सजावटीखाली जो खांदा असतो तो कामाने काळा पडलेला असतो आणि गावातल्या प्रत्येकाने तो काम करताना पाहिलेला असतो. झूल त्याच्या अंगावर शोभते ती त्या ओळखीमुळे. उचललेल्या जीपच्या बाबतीत क्रम उलटा आहे. तिथे कामाची चिन्हे, खोल खाचांचे टायर, रुतलेली गाडी ओढून काढणारी विंच, स्नॉर्केल, हीच झूल होऊन बसली आहेत, आणि खांदा अजून कोणी पाहिलेला नाही. हौसेला मोल नसते हे खरे, तरी ज्या हौसेला श्रमाचा वेश घ्यावासा वाटतो ती श्रमापासून थोडी दूर गेलेल्या घरात उपजते असे वाटल्यावाचून राहत नाही. बाप बंडीवर उभा राहून आयुष्यभर शेतात गेला, मुलगा तालुक्याला गाळा घेऊन बसला. त्याला शेतात जायचे नाही, पण आपण कधीही जाऊ शकतो हे मात्र दिसायला हवे आहे. अंगणात उभ्या केलेल्या जीपभोवती फिरून म्हातारा विचारतो, “काहून उचलली रे एवढी?” आणि मुलगा म्हणतो, “अशीच. पाहाले बरी वाटते.” दोघांचेही खरे असते.

म्हाताऱ्याच्या प्रश्नाला दुसराही अर्थ असतो, कारण त्या गाडीत त्याला चढता येत नाही. लुगड्यातल्या आजीला तर घरातले प्लास्टिकचे स्टूल आणून दाराशी ठेवावे लागते, एकाने वरून हात धरावा लागतो आणि एकाने खालून आधार द्यावा लागतो, आणि शेगावला दर्शनाला निघालेली ही वरात उतरताना पुन्हा तोच सोहळा करते, स्टूल मात्र घरी राहिलेले असते. उंचीची किंमत अशा ठिकाणी आधी मोजली जाते आणि रस्त्यावर नंतर. गाडीचे सगळे वजन ज्या एका बिंदूपाशी एकवटले आहे असे मानता येते तो गुरुत्वमध्य, आणि डाव्या-उजव्या चाकांमधली रुंदी, यांच्या प्रमाणावर ती वळणात किती घट्ट बसेल हे ठरते. ही रुंदी १,५०० मिलिमीटर असेल आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५० मिलिमीटरवर असेल, तर अर्धी रुंदी आणि ती उंची सारखी, म्हणजे प्रमाण एकास एक. तोच मध्य ८५० मिलिमीटरवर नेला की प्रमाण ०.८८वर घसरते, आणि राजूर घाटाच्या वळणावर, जिथे आतून येणारा ट्रक आपली बाजू सोडत नाही, चालकाला हे गणित हातातल्या चाकातून कळते. टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढवला तर काटा ताशी ६० किलोमीटर दाखवत असताना गाडी ६६ने धावत असते. इंजिनाची गती मागे नेणाऱ्या दांड्याचा कोन बदलतो आणि त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर झिजतात. दिव्यांचा झोत, जो कारखान्यात रस्त्यावर पडेल असा बेतलेला असतो, तो समोरून मोटारसायकलवर येणाऱ्याच्या डोळ्यांत पडतो, आणि बोथ्याच्या जंगलातल्या रात्री तो माणूस गाडी बाजूला घेऊन, हात डोळ्यांवर धरून, ती जाईपर्यंत थांबून राहतो. त्याच्या तोंडी त्या क्षणी येणारे शब्द वऱ्हाडी बोलीच्या अस्सल भांडारातले असतात.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या, म्हणजे निर्मात्याने ठरवून दिलेल्या, तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ तसाच लावला. त्याच वर्षी अधिनियमात झालेल्या सुधारणेने मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. तरी दोन इंच ही मोठी सोयीची उंची आहे. ज्याला ती दिसावी म्हणून केली त्याला ती लांबून दिसते, आणि ज्याला दिसू नये त्याच्याजवळ त्या वेळी फुटपट्टी नसते. शिवाय गाडीच्या मागच्या काचेवर कोणाचा फोटो आहे यावरही नजरेची तीक्ष्णता थोडीफार अवलंबून असते, असे टपरीवर बोलले जाते.

दरम्यान रस्ते गुळगुळीत होत चालले आहेत. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये. तो मेहकर, सिंदखेडराजाच्या शिवारांतून जातो. चिखलासाठी घडवलेल्या टायरचे ठोकळे त्या काँक्रीटवर घूं घूं असा अखंड आवाज करतात, आत बसलेल्यांना मोठ्याने बोलावे लागते, उंच बॉडी वारा अडवते आणि डिझेलचा काटा डोळ्यादेखत खाली येतो. ताशी १२० किलोमीटरच्या वाटेवर तिला सत्तर-ऐंशीनेच बरे वाटते. शेजारून एखादी बेताच्या उंचीची, पांढरी, कुठेही न उचललेली मोटार आवाज न करता पुढे निघून जाते आणि तिच्यातले कोणी वळूनही पाहत नाही. खुद्द मालकाला याचा फारसा विषाद नसतो. त्याचा रस्ता मेहकरच्या चौकापासून रसवंतीपर्यंतचा, आणि तेवढ्या अंतरात त्याला ओळखणारी माणसे महामार्गावरच्या दिवसभराच्या वाहनांहून अधिक मोलाची असतात.

गॅरेजमधून गाडी उचलून नेताना जाणता मिस्तरी काढलेल्या मूळ स्प्रिंगा, पाटे आणि टायर मालकाच्या हवाली करतो व ते मोडीत न घालण्याविषयी बजावतो, आणि मग ते गोठ्यात, जिथे आता बैल नसतात, कडब्याच्या कुट्टीच्या पोत्यांआड ठेवले जातात. त्यांची वेळ येतेच. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर पुढच्या पाच वर्षांसाठी ती नव्याने करून घेताना गाडी तपासणीला न्यावी लागते. २०१०च्या अखेरीस आलेल्या पहिल्या थारगाड्यांची ती मुदत २०२५ पासून भरू लागली आहे. तेव्हा तपासणीच्या आदल्या दिवशी गोठ्यातला तो ऐवज बाहेर काढायचा, गंजावर तेल मारायचे, जॅक लावून चकत्या उतरवायच्या, टपावरचे दिवे सोडायचे, मूळ टायर चढवायचे आणि कारखान्यातून आली होती तशी, बिनसाजाची, ठेंगणी गाडी बुलढाण्याला न्यायची, एवढे काम मिस्तरीकडे ठरलेले असते. पोळ्याला बैल एक दिवस सजतो, ही एक दिवस साज उतरवते. कधी कधी मात्र त्या एका दिवसात म्हातारा आपणहून पुढच्या सीटवर जाऊन बसतो आणि शेगावला चला म्हणतो. मग शिक्का मिळाल्यावरही ती लगेच गॅरेजला परत जात नाही, मिस्तरी चकत्या पुसून फळीवर ठेवतो, दुसऱ्याने मागितल्या तर देऊ का म्हणून फोन करतो, आणि पलीकडून ‘थांब जरा’ एवढेच उत्तर येते.